लॅपटॉपची गोधडी

खिडकीशी नेऊन लॅपटॉप जरा तिरका धरला, तेव्हा कुठे दिगंबरला ते डाग दिसले.

"हे? एवढ्यासाठी मला दुकानातून बोलावून घेतलंस?"

"अहो, नीट बघा तरी. अख्खा कीबोर्ड उमटलाय पडद्यावर. ही वरची रांग, ही मधली, आणि हा खाली लांबडा पट्टा दिसतोय ना, तो स्पेसबार."

"मग पुसून टाक की."

"रोज सकाळी पुसते. दुसऱ्या दिवशी उघडला की आहेतच."

दिगंबरने डोळे बारीक करून पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि नवरे लोक अशा वेळी जे करतात तेच केलं, म्हणजे चहा मागितला. स्वयंपाकघराच्या दारात आत्या सुपात तांदूळ घेऊन निवडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर करून एकदा आमच्याकडे बघितलं आणि पुन्हा तांदळात घातली. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, ताराबाई. आमच्याकडे बार्शीत सासूला आत्या म्हणायची रीत आहे.

लग्न होऊन मला तेव्हा दोनेक वर्षं झाली होती. पुण्याच्या एका प्रकाशकाची शालेय पुस्तकं मी घरी बसून लावून द्यायचे. लेखकांचा मजकूर पानांत बसवायचा, चित्रं जागच्या जागी टाकायची आणि छापायला तयार पानं पाठवायची. दिवसभर पडद्यावरच्या पांढऱ्याशुभ्र कागदाकडे बघायचं काम, आणि त्या कागदावर हे तेलकट चौकोन! एकदा तर एका डागाला मी चुकून पडलेलं टिंब समजले आणि खोडत बसले. खोडतेय, खोडतेय, टिंब काही जातच नाही.

स्टँडजवळ मोरेचं दुरुस्तीचं दुकान होतं, तिथे जाऊन विचारून आले. तो म्हणाला, बिघाड काही नाही. बोटांचं तेल बटणांना लागतं, झाकण मिटलं की बटणं पडद्याला टेकतात, त्यात वरून दाब बसला की उमटतात. "मध्ये एखादं पातळसं मऊ कापड टाकत जा ताई," एवढाच त्याचा उपाय. जेवताना मी हे दिगंबरला सांगितलं. आत्या ताटात बघून जेवत होत्या. त्या ऐकतायत असं मला वाटलंही नाही, कारण त्या काळात त्या काही ऐकतायत असं कुणालाच वाटत नसे.

तो काळ म्हणजे मामंजी गेले त्यानंतरचं वर्ष. मामंजी शिंपी. सगळी पेठ त्यांना मास्तर म्हणायची. हात सोन्याचा आणि जीभ तिखटाची. आत्यांची जीभही काही कमी नव्हती. मी नवी नवरी म्हणून आले तेव्हा सुरुवातीला घाबरायचे. वाटायचं, या घरात आज काहीतरी आक्रीत होणार. सकाळच्या चहापासून दोघांची जुंपायची. चहात आलं जास्त पडलं इथून सुरू व्हायचं ते कुठल्या जुन्या लग्नात कोण कुणाला काय बोललं तिथपर्यंत जायचं. दुकानातली कातरणं मामंजी पिशवी भरून घरी आणायचे, आत्या त्यांच्या गोधड्या शिवायच्या. गोधडी पुरी झाली की मामंजी चष्मा लावून तिच्यावर वाकायचे आणि म्हणायचे, "हा टाका हाय का बैलाची उडी?"

"मग शिवा की तुम्ही! मशीन सोडून हातानं एक ओळ घालून दाखवा!"

आणि तीच गोधडी पांघरून मामंजी झोपायचे.

एके दिवशी दुकानात मशीनवर बसल्या बसल्या ते गेले. दिगंबरने पुढे त्या दुकानात शाळेचे गणवेश ठेवायला सुरुवात केली. आत्या रडल्यासुद्धा फारशा नाहीत. सुया, दोरे, कात्री, सगळं पत्र्याच्या डब्यात भरून त्यांनी डबा ट्रंकेत ठेवला आणि ट्रंक पलंगाखाली ढकलली. त्यानंतर 'हो', 'नको', 'ठेव तिथं' एवढ्यावर त्यांचा दिवस जायला लागला. भेटायला येणारे आम्हाला दारात गाठून सांगायचे, "जपा बरं का तिला. दुखवू नका." आम्ही जपत होतो. दिगंबर तर आईशी इतकं हळू बोलायचा की त्याला तेच पुन्हा बोलावं लागे. दुखवायचं नाही, हा एकच नियम घरात उरला होता. तो पाळूनही आत्या रोज थोड्या थोड्या आमच्यातून उठून चालल्यात हे मला दिसत होतं. मला त्याची भीती वाटायची. नुसती काळजी नाही, भीती.

म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी पलंगाखालून ट्रंक ओढल्याचा आवाज आला तेव्हा मी हातातलं काम टाकून उठले.

आत्या फरशीवर बसल्या होत्या. गळ्यात मामंजींचा टेप होता.

"तुझं ते यंत्र आण जरा हिकडं," त्या म्हणाल्या.

"लॅपटॉप? कशाला आत्या?"

"माप घ्यायचंय. मधी कापड टाकायला सांगितलंय ना त्या पोरानं? नुसतं कापड टाकलं तर गोळा हुतंय. त्याला गोधडी पाहिजे."

वर्षभरात त्यांना इतकं सलग बोलताना मी ऐकलं नव्हतं. मी लॅपटॉप त्यांच्यापुढे उघडून ठेवला. त्यांनी तान्ह्या बाळाचं अंगडं बेतावं तसं अलगद माप घेतलं, आडवं, उभं, पुन्हा आडवं. मी आतल्या खोलीत जाऊन दिगंबरला फोन लावला. चारचौघांत मी त्याला अहो म्हणायचे, खोलीत अरे.

"अरे, आत्यांनी सुई काढली."

"काय काढलं?"

"सुई. गोधडी शिवायला बसल्यात."

थोड्या वेळाने स्वारी काहीतरी विसरल्याचं सोंग करून घरी हजर झाली. दारातूनच तो आईच्या वाकलेल्या पाठीकडे बघत उभा राहिला आणि चप्पल न काढता तसाच परत गेला. जाताना डोळे पुसत होता, आणि मी ते पाहिलं हे त्याला कळू नये म्हणून मी कपाटात काहीतरी शोधत राहिले.

पुढचे काही दिवस घरात जीव आला. आत्यांनी आतल्या थराला स्वतःचं जुनं लुगडं घेतलं, साईसारखं मऊ झालेलं. वर मामंजींच्या धोतराचा तुकडा, कडेला गणवेशांच्या निळ्या आणि खाकी पट्ट्या. शिवता शिवता कापडांच्या हकीकती निघायला लागल्या. हे दिगूच्या पहिल्या शाळेच्या चड्डीचं, हे अमक्याच्या लग्नातलं, त्यानं अजून शिलाई दिली नाही. मी चहा घेऊन समोर बसायचे आणि ऐकायचे.

"अजून एक थर घालते," एका दुपारी त्या म्हणाल्या. "ऊब येईल."

लॅपटॉपला ऊब कशाला हवी, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मोरे पातळ कापड म्हणाला होता, हेही आठवत होतं. मी दोन्ही गिळलं आणि म्हटलं, "घाला ना आत्या."

गोधडी झाली तेव्हा इतकी देखणी दिसत होती की कुणीही उचलून छातीशी धरावी. आत्यांनी ती कीबोर्डवर अंथरली आणि झाकण मिटलं. ते मिटेना. बोटभर फट राहिली.

"वा आई! झकास!" दिगंबर म्हणाला.

"किती सुंदर झालीय आत्या," मी म्हणाले.

आत्यांनी आमच्या दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीने बघितलं, कुणी आणखी काही बोलतंय का अशा अपेक्षेने. मग टेप गुंडाळून ठेवला.

त्यानंतरच्या रविवारी वैरागला दिगंबरच्या मित्राची वास्तुशांत होती. आत्या यायला तयार झाल्या नाहीत, समोरच्या सरूमावशींकडे भजन होतं. आम्ही दोघं सकाळी गेलो आणि उन्हं उतरता उतरता परत आलो. कुलूप काढून आत पाऊल टाकलं तर टेबलावर लॅपटॉप, आणि लॅपटॉपवर मामंजींची इस्त्री.

ती इस्त्री म्हणजे जुन्या पद्धतीची, कोळशाची, दोन हात लावून उचलावी लागे अशी. ती तिथे का होती हे मला बघताक्षणी कळलं. आत्यांची पद्धतच होती. नवी गोधडी शिवून झाली की काही काळ वजनाखाली ठेवायची, म्हणजे टाके बसतात आणि फुगवटा जातो. मोठ्या गोधडीवर त्या ट्रंक ठेवायच्या. या चिमुकलीवर इस्त्री ठेवली होती, आणि गोधडी लॅपटॉपच्या पोटात होती.

दिगंबरने इस्त्री उचलली. मी झाकण उघडलं. पडदा एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत तडकला होता. चालू करून बघितलं तर मधोमध शाई सांडल्यासारखा काळा डाग पसरला आणि कडेने रंगीत रेघा थरथरायला लागल्या.

"माझी पानं," मी खाली बसत म्हणाले. "पुस्तक मंगळवारी द्यायचं होतं."

"उज्ज्वला," दिगंबरने माझा दंड धरला. त्याचा चेहरा उतरला होता. "आईला कळता कामा नये."

"कळणारच ना."

"नाही. तिला कळलं तर ती पुन्हा सुई हातात धरणार नाही. तो डबा ट्रंकेत जाईल आणि आता गेला तर गेलाच. तुला पटतंय का मी काय म्हणतोय?"

पटत होतं. पडदा नवा बसवता आला असता, माणूस कुठून बसवून आणायचं? आम्ही ठरवलं की लॅपटॉप दिगंबरच्या हातून पडला. घरी आल्या आल्या गावातल्या एका मित्राला दाखवायला म्हणून त्याने तो नेला आणि गाडीवरून निसटला. इस्त्री पुसून फळीवर गेली, गोधडीची घडी कपाटात.

आत्या आल्या तेव्हा दिवेलागण होत होती. दारातच थबकून त्यांनी टेबलाकडे बघितलं, मग फळीवरच्या इस्त्रीकडे.

"आई, एक घोळ झाला," दिगंबर घाईघाईने म्हणाला. नाटकात पहिल्यांदाच काम मिळालेल्या माणसासारखा तो उभा होता. "लॅपटॉप पडला माझ्या हातून. गाडीवरून."

"पडला?"

"हो. फुटला जरा. पण तुझी गोधडी अगदी नीट आहे हं. तिला काही झालं नाही."

आत्या माझ्याकडे वळल्या. "तू काय म्हणालीस ह्याला?"

"काही नाही आत्या. व्हायचंच एखाद्या वेळी."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडल्या. जेवायला उठल्या नाहीत. सकाळी बघते तर सुयांचा डबा त्यांच्या उशाशी नव्हता आणि पलंगाखालची ट्रंक आत, पार भिंतीपर्यंत सरकलेली होती. इतकं खोटं बोलून व्हायचं तेच झालं होतं. दिगंबर चहा अर्धा टाकून दुकानात गेला. मी स्वयंपाकघरात उभी राहून थोडंसं रडले.

दुपारी मोरेकडे न्यायला म्हणून लॅपटॉप पिशवीत घालत होते, तर आत्या येऊन माझ्यासमोर बसल्या.

"उज्ज्वला, हे कुठं पडलं?"

"ते... पोस्टाजवळ."

"दिगू सकाळी म्हणाला, वैरागच्या नाक्यावर."

मी पिशवीची चेन लावत राहिले.

"इस्त्री ठेवली तवाच आवाज आला होता गं," आत्या म्हणाल्या. "कट्ट दिशी. मला कळलं, काहीतरी गेलं आत. उघडून बघायला हात होईना. तशीच सरूकडं जाऊन बसले. भजनात कुठलं ध्यान! सारखं मनात येत हुतं, आता घरी गेले की सून तोंड सोडणार. तू काय काय बोलशील ते मनात जुळवलं. मी काय काय उत्तर द्यायचं तेबी जुळवलं. घरी आले, तर तुम्ही दोघं माझ्यापुढं नाटक करायलाय."

"तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून आत्या."

"वाईट वाटू नये!" त्यांचा आवाज फाटला. "वर्ष झालं, मला कशाचं वाईट वाटू देत नाही तुम्ही. परवा वांग्यात दोनदा मीठ पडलं. माझ्याच तोंडात घास जाईना, आणि तुम्ही दोघांनी परत वाढून घेतलं. गोधडी जाड झाली, झाकण मिटंना, मला काय डोळे नाहीत? तू म्हणालीस, किती सुंदर. तो म्हणाला, झकास. अगं, हे असते तर ती गोधडी माझ्या तोंडावर फेकली असती आणि म्हणाले असते, ही काय रेड्याची झूल शिवलीस का?"

त्यांनी पदराने तोंड पुसलं.

"मेलेल्या माणसाला कुणी नावं ठेवत नाही बघ. ह्यांना आता कोण नावं ठेवतंय का? जित्तेपणी भांडायचे ते लोकसुद्धा देवमाणूस हुता म्हणतात. तुम्ही मला जित्तेपणीच तिकडं बसवलंय. त्यांच्या फोटोशेजारी."

आज इतक्या वर्षांनी लिहितानाही तो सूर माझ्या कानात आहे. आम्ही त्यांना सांभाळतोय असं समजत होतो आणि त्या आमच्या दारात उभ्या राहून आत घ्या, आत घ्या म्हणत होत्या.

"चुकलं आत्या," मी म्हणाले.

"झालं! पुन्हा तेच! चुकलं कुणाचं? इस्त्री कुणी ठेवली?"

"तुम्ही."

"मग बोल की!"

"तुम्ही... तसं करायला नको होतं."

"हे बोलणं झालं? दवाखान्यातली नर्सबाई हायस का माझी सून हायस?"

आणि मग खरं सांगते, मला राग आला. त्यांना हवा म्हणून आणलेला नाही, चांगला आतून, वर्षभर गिळलेल्या सगळ्या शब्दांसकट आला.

"इस्त्री ठेवतात का लॅपटॉपवर?" मी ओरडले. "ते काय लोणच्याचं झाकण आहे दडपून ठेवायला? आणि पातळ कापड म्हणाला होता मोरे, पातळ! तुम्ही थरावर थर चढवलेत! त्याला काय थंडी वाजत होती? माझं पुस्तक अडकून पडलंय, तिकडून फोनवर फोन येतायत, त्यांना काय सांगू, सासूनं इस्त्री फिरवली? एका शब्दानं विचारलंत का मला?"

आत्या ताडकन उभ्या राहिल्या.

"विचारायला तू हुतीस कुठं? गेलीस नटून वास्तुशांतीला! आणि जाड झाली हे तुला दिसत हुतं तर तोंड शिवलं हुतं का तुझं? रोज समोर बसून चहा ढोसत बघत हुतीस!"

"तुम्हाला काही बोलायची सोय होती का? जरा बोललं की डोळ्यांत पाणी!"

"येऊ दे की! डोळे माझे, पाणी माझं! तुझ्या बापाचं काय जातंय?"

"बापाचं नाव काढायचं नाही हं आत्या!"

"काढणार! त्यानंच पाठवली असली मुखदुर्बळ पोरगी माझ्या घरात!"

मला आयुष्यात कुणी मुखदुर्बळ म्हटलं नव्हतं. मी त्यावर काय बोलले ते आता आठवत नाही, पण भांडी वाजतील इतकं मोठ्याने बोलले. आत्या माझ्याहून मोठ्याने बोलल्या. त्यांचे गाल लाल झाले होते, हातवारे चालले होते, पदर कधीच कमरेला खोचला गेला होता. तेवढ्यात दिगंबर जेवायला आला आणि दारातच पांढराफटक पडून उभा राहिला.

"अगं उज्ज्वला... आई... हळू, हळू..."

"तू गप बस!" आत्या म्हणाल्या.

"तुम्ही मध्ये पडू नका!" मी म्हणाले.

त्याने एकदा आईकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग उंबऱ्यावरच बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. हसतोय की रडतोय ते कळेना. मला वाटतं दोन्ही.

बाहेरून सरूमावशींची हाक आली. वर्षभरात या घरातून एवढा आवाज ऐकला नव्हता त्यांनी. घाबरून रस्ता ओलांडून त्या खिडकीशी आल्या होत्या.

"तारे! अगं तारे, काय झालं गं? बरी हायस ना?"

आत्या खिडकीशी गेल्या.

"बरी हाय!" त्या ओरडून म्हणाल्या. "सुनेसंगं भांडायलेय. मागनं ये!"

खिडकीचं दार त्यांनी धाडकन लावलं आणि माझ्याकडे वळल्या. दम लागला होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांच्या ध्यानातही नव्हतं.

"हां," त्या म्हणाल्या, "कुठवर आलो हुतो आपण?"